राहीबाईची रांग

राहीबाईला बसलेलं पाहायचं तर शाळेच्या व्हरांड्यात जावं लागे. एरवी ती सदा चालत असायची. सातारा-सांगली मोटारींच्या वाटेवर निंबळगाव म्हणून एक कसबा होता, तिथं मुलींची मराठी शाळा होती. घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या, शाळेत पोचवायच्या आणि शाळा सुटली की जिच्या तिच्या दारात परत सोडायच्या, हे राहीबाईचं काम. त्या दिवसांत लेकीला शाळेत घालणं हीच मोठी गोष्ट होती. तिला एकटीला पेठेतून जाऊ देणं कुणाच्या मनातही यायचं नाही. म्हणजे शाळा होती, शिकवायला बाई होत्या, फळा होता, खडू होता, पण राहीबाई नसती तर त्या फळ्यापुढं बसायला कुणी आलं नसतं. गावाला हे कळत होतं की नाही कोण जाणे. राहीबाईला मात्र पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. असायलाच हवा होता.

ती मूळची मेढ्याकडची. बाप म्हशी राखायचा. लग्न होऊन निंबळगावात आली आणि वर्ष सरायच्या आत नवरा पलटणीत गेला. पहिल्या लढाईत तो बसऱ्याला गेला आणि तिकडंच तापानं वारला. पदरी पोर नाही. सासरच्यांनी भाकरीला कमी केलं नाही, पण भाकरी वाढताना तोंडही आवरलं नाही. अशात एके दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "पोरी आणून सोडशील का गं?" राहीबाई जी घराबाहेर पडली ती चालतच राहिली. अक्षर तिला एक येत नव्हतं. व्हरांड्यात बसून बसून पाढे आणि कविता तेवढ्या तोंडपाठ झाल्या होत्या, त्या ती चालताना पोरींकडून म्हणून घ्यायची. पोरी तिला मावशी म्हणायच्या. पोटची नव्हती एकही, पण रांगेतली एखादी तापानं निजली की राहीबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

सकाळच्या भाकऱ्या झाल्या की ती मळ्याकडच्या वस्तीपासून निघायची. दारात उभी राहून हाक मारायची, "चला गं बायांनो, शाळा काय तुमच्या दारात यायची न्हाई!" कुणाची वेणी अर्धी, कुणाच्या तोंडात घास, कुणाची पाटीच सापडत नाही. राहीबाई वाटेतच वेण्या घालायची. एकेक पोर मिळत जाई तशी रांग लांबत जायची. प्रत्येकीनं पुढचीच्या परकराचा काठ धरायचा, तो सोडायचा नाही, असा दंडक होता. वस्ती, कोष्टी आळी, मग वेस. वेशीतून आत पेठेची अरुंद गल्ली, गल्लीच्या शेवटी चौक, आणि चौकामागं शाळा.

दुसरा दंडक बापाकडून आलेला होता. पेठेतून बैलगाड्या जायच्या, म्हशी जायच्या, कधी टांगा, कधी दावं तोडलेला खोंड. असलं काही समोरून वा मागून आलं की राहीबाई एकच शब्द ओरडायची, "हुबं!" की रांग जागच्या जागी थिजायची. हात हलायचा नाही, पापणी लवायची नाही. "जनावराला डोळं असत्यात गं," ती सांगायची. "हुब्या माणसावर ते पाय देत न्हाई. पळालं की मातूर मागं लागतं." एकदा खरोखरीच उधळलेला बैल रांगेला वळसा घालून निघून गेला होता. सगळ्या पेठेनं ते पाहिलं होतं. तेव्हापासून गावातल्या आया राहीबाईवर डोळे झाकून विसंबायच्या.

मग मोटार पेठेत आली.

तशी मोटार निंबळगावाला नवी नव्हती. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत कोळशाच्या गॅसवर खोकत, धापा टाकत एक यायची आणि वेशीबाहेर थांबायची. पण लढाई संपली, लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या, आणि लालासाहेबांनी त्यातली एक घेऊन तिच्यावर लाकडी टप चढवला. लालासाहेब म्हणजे उसाचे मोठे बागायतदार, गावच्या म्युनिसिपालटीचे अध्यक्ष, मनानं वाईट नव्हे; पण एखादी गोष्ट आपल्या दारात आल्याशिवाय ती गावात आली असं त्यांना वाटत नसे. चौकात त्यांची कचेरी. मोटार कचेरीपुढं उभी राहिली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. वेस आड येत होती, तर वेशीचा एक बुरूज पाडला. गावानं टाळ्या वाजवल्या. राहीबाईनंही वाजवल्या, उगाच खोटं कशाला बोला. मोटार चालवायला होता सिकंदर, गावचाच, वेशीजवळ राहणारा. लढाईत ब्रह्मदेशाकडं लष्कराची लॉरी चालवून आलेला. त्याची बायको मागंच वारलेली. घरी म्हातारी आई रहिमतबी आणि एक लेक, फरीदा. ही फरीदा राहीबाईच्या रांगेतली. घर वेशीलगत, म्हणून सगळ्यांत शेवटी मिळायची आणि रांगेचं शेपूट व्हायची.

आता, मोटारीला डोळे नसतात हे गावाला कुणी सांगायचं? पुढं दोन मोठाले दिवे होते. पेठेला ते डोळेच वाटायचे.

त्या दिवशी बाजार होता. नाथाजी वाण्याच्या दुकानापुढं गाडीतून गुळाच्या ढेपा उतरत होत्या आणि निम्मी गल्ली अडली होती. रांग वेशीतून आत आली, तोच मागून भोंगा वाजला. राहीबाईनं वळून पाहिलं आणि जन्माच्या सवयीनं ओरडली, "हुबं!"

रांग उभी राहिली. गल्लीच्या मधोमध.

मोटार किंचाळत थांबली. दोन्हीकडचे दुकानदार ओट्यांवरून खाली उड्या मारून धावले आणि एकेका पोरीला उचलून ओट्यावर घेऊ लागले. राहीबाईही दोन्ही हातांनी ओढत होती. डोळ्यांचं पातं लवेपर्यंत गल्ली रिकामी झाली. निदान वर बसलेल्या सिकंदरला ती रिकामी दिसली. त्यानं गेर टाकला. मोटारीनं पुढं हिसका दिला, आणि नाथाजी आपल्या ओट्यावरून गळा फाडून ओरडला, "आरं थांब! थांब! पोर हाय खाली!"

सिकंदर उडी टाकून खाली आला. मोटारीच्या नाकाडाला जवळजवळ चिकटून फरीदा उभी होती. डोळे गच्च मिटलेले, हात अंगाशी. हातातली पाटी पडून चाकाखाली गेली होती, तिचा भुगा झाला होता. सगळ्या पोरी हलल्या, पण हिला उचलायला कुणी आलं नव्हतं, आणि मावशीनं 'हुबं' म्हटल्यावर 'चला' म्हटलं नव्हतं. बापाचा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले.

"अब्बा, मी हालले न्हाई," ती म्हणाली. शाबासकी मिळेल असं तिला वाटत होतं.

सिकंदर तिथंच धुळीत बसला. इतकी लढाई पाहून आलेला गडी. राहीबाई ओट्याला धरून उभी होती आणि तिच्या कानांत तिचाच तो एक शब्द घुमत होता. आपण शिकवलं नसतं तर पोर पळाली असती, हे तिला त्या घटकेला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वेशीजवळ हाक मारली तर दारात रहिमतबी आली.

"फरीदा यायची न्हाई."

"बरं न्हाई व्हय गं तिला?"

"बरी हाय. सिकंदर न्हाई म्हनतो." एवढं बोलून म्हातारीनं मान वळवली. राहीबाईशी तिची जुनी ऊठबस. दार लावून घ्यायला तिचा हात धजेना.

ही गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. कोष्टी आळीतल्या अंबूबाईच्या दोन पोरी रांगेत होत्या. ती उंबऱ्यात आडवी उभी राहून म्हणाली, "आवं, मोटार चालवनाराच आपली पोरगी घरात ठिवतोय, मग आमी कुनाच्या भरवशावर पाठवावी? तुमच्या? तुमीच तर हुबं केलंत त्यास्नी." एरवी राहीबाई वाटेल त्याला तोडीस तोड द्यायची. त्या दिवशी ती पुढच्या दाराकडं वळली. अंबूबाईचं खोटं तरी काय होतं? एकेक दार असंच मिटत गेलं. ज्यांना लेकीची शाळा आधीपासूनच टोचत होती, त्यांना तर आयतं निमित्त मिळालं. एकीचं लग्नही ठरून गेलं तेवढ्यात. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरी राहिल्या. मोठ्या बाई राहीबाईला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त इतकंच म्हणाल्या की असं चाललं तर वरचे लोक शाळा बंद करतील. राहीबाई व्हरांड्यात बसली. आतून पाढ्यांचा आवाज यायचा तो इतका बारीक झाला होता की रस्त्यावरच्या कावळ्यांत हरवून जायचा.

ती लालासाहेबांकडं गेली. त्यांनी तिला मानानं ओसरीवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"राहीबाई, माझ्याबी जिवाला लागलंय ते," ते म्हणाले. "म्हणून तर ठराव घातलाय. पेठ रुंद करायची. दोन्हीकडचे ओटे काढून टाकायचे. मोटार कशी झोकात जाईल, आणि तुमच्या पोरींनाबी मोकळं."

"आवं, पर मग ती जोरानं न्हाई का जायची?"

"जोरानं जावी म्हणूनच तर!" लालासाहेब मनापासून हसले.

राहीबाई चौकातून गल्लीत आली आणि ओटे बघत उभी राहिली. काळ्या दगडाचे, कडा झिजून गुळगुळीत झालेले. याच ओट्यांवर लोकांनी पोरींना ओढून घेतलं होतं. इथंच बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या डोक्यावरची पाटी उतरवून टेकायच्या, इथंच पावसात अडकलेलं माणूस अंग चोरून उभं राहायचं. हे गेले तर पोरींना ओढून घ्यायचं कुठं? तिला रडू कोसळलं, आणि रडू आल्याचा रागही आला. नाथाजीनं आतून विचारलं, "काय झालं हो?" तर ती त्याच्यावरच खेकसली, "तुजी गुळाची गाडी मेली आडवी नसती तर!" नाथाजीनं तागडी पुन्हा उचलली. बाई कुणावर रागावलीय हे त्याला कळत होतं.

मोटारीच्या सुट्टीच्या दिवशी राहीबाई वेशीबाहेरच्या विहिरीवर गेली. सिकंदर मोटार धूत होता. फरीदा काठावर बसून चिखलाच्या चुली करत होती.

"सिकंदर, चूक माजी हाय," ती आल्या आल्या म्हणाली. "मी हुबं म्हनले."

"न्हाई मावशी. गेर मी टाकला." त्यानं बादली खाली ठेवली. "मला रस्ता मोकळा दिसला. खरंच मोकळा दिसला."

"मला वर बसीव."

"आं?"

"तुज्या जाग्यावर. मला बघायचंय तुला काय दिसतंय ते."

आता बाईमाणसानं डायवरच्या जागेवर बसणं निंबळगावात कुणी पाहिलं नव्हतं. सिकंदर इकडंतिकडं बघून घेत होता, तोवर राहीबाई नऊवारीचा काष्टा सावरून पायरीवर चढलीसुद्धा. वर बसली. काचेतून लांबपर्यंत रस्ता दिसत होता. बांधावरची बाभळ दिसली, वेस दिसली, वेशीच्या पाडलेल्या बुरुजाचे दगड दिसले. राजाच्या हौद्यात बसल्यागत सगळं दिसत होतं. तिला क्षणभर बरंही वाटलं.

"हिथनं तर समदं दिसतंय की रं," ती म्हणाली. "फरीदा कुठं गेली?"

"हितं हाय मावशी," आवाज आला. खालून, अगदी जवळून.

राहीबाईनं मान पुढं काढली. नाकाडाच्या पलीकडं नुसता रस्ता होता, कोरा करकरीत. "कुठं गं?"

"हितंच की. तुमच्या म्होरंच हुबी हाय."

सिकंदरनं तोंड फिरवलं होतं. राहीबाईच्या अंगावर काटा आला. ती काचेला नाक लावून बघत राहिली. पोर समोर उभी होती, बोलत होती, आणि जगात नव्हती. बापानं शिकवलेलं आख्खं शहाणपण त्या एका रिकाम्या रस्त्यानं खोटं पाडलं. जनावराच्या डोळ्यांना जे दिसतं ते या दिव्यांना दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसायला हवं तो इतका उंच बसला होता की त्याला पायाखालचंच दिसत नव्हतं.

ती खाली उतरली. फरीदाला तिनं पोटाशी धरलं.

"मी पोरींस्नी दुसरं शिकवीन," मग ती म्हणाली. "भोंगा ऐकला की हुबं राहायचं न्हाई. ओट्यावर चढायचं, पाठ भितीला लावायची. पर सिकंदर, मोटारीला कोन शिकवनार?"

"मावशी, मोटार मालकाची. त्यास्नी टायमात चौकात पायजे."

"ह्या गल्लीतनं तुजी लेक चालत आसंल, तर कशी चालवशील?"

"ती चालनारच न्हाई. मी चालवतो म्हनूनच मला ठावं हाय."

"म्हंजी समद्यांच्या लेकी घरात, आनि मोटार तेवढी गल्लीत. आसंच न्हवं?" सिकंदर ओलं फडकं पिळायला लागला. "उद्या मी दारात येऊन हाक मारीन," राहीबाई म्हणाली. "पाठवायची का न्हाई ते तुजं तू बघ. हाक मी मारनार."

त्याच संध्याकाळी ती राहिलेल्या पोरींना घेऊन पेठेत उतरली आणि त्यांना ओट्यांवर चढाय-उतरायला लावलं. लोकांना गंमत वाटली. "राहीबाई, पलटण काढताय काय?" कुणीतरी विचारलं. "व्हय, तूबी ये, तुजी ढेरी तरी उतरंल," तिनं ऐकवलं. पायऱ्यांवर मालाची पोती होती, तिथं पोरींना चढता येईना. राहीबाई दुकानदारांच्या मागं लागली. नाथाजीनं पहिल्यांदा पोती हलवली. बडबडत हलवली, पण हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीजवळ येऊन तिनं हाक मारली. मागं मूठभर पोरी होत्या. मोटार पहाटेची साताऱ्याची खेप करून नुकतीच आली होती आणि वेशीत उभी होती, आत माणसं, पुढच्या जागेवर खुद्द लालासाहेब. पण डायवरची जागा रिकामी.

सिकंदर आपल्या घरातून बाहेर आला. हाताला फरीदा, तिच्या हातात नवी पाटी. त्यानं तिला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं, पुढच्या पोरीच्या परकराचा काठ तिच्या मुठीत दिला, आणि राहीबाईकडं बघून म्हणाला, "चला, मावशी."

रांग निघाली. मागं मोटार निघाली. फरीदाच्या टाचा सतत दिसत राहतील एवढं अंतर ठेवून सिकंदर पोरींच्या चालीनं मोटार चालवत होता.

"सिकंदर, भोंगा दे," लालासाहेब म्हणाले.

"पोरी दचकत्याल, मालक."

"आरं, मग असंच जायचं का मुंगीच्या पायानं?"

"व्हय जी. माजी लेक हाय त्यात."

पेठेतली माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली होती. कोष्टी आळीतल्या बाया बाजाराच्या निमित्तानं आल्या होत्या, त्यात अंबूबाईही होती. राहीबाईनं पाढा धरला, "बे एके बे," आणि पोरींनी उचलला. पुढं पाढे, मागं गुरगुरत चाललेली मोटार, असली मिरवणूक पेठेनं कधी पाहिली नव्हती. मोटारीतली माणसं हसायला लागली तसा लालासाहेबांचा पारा चढला.

"ह्यापरीस चालत गेलेलं बरं!" ते गरजले आणि दार उघडून खाली उतरले.

उतरले खरे, आणि पहिल्याच ओट्यावरून "रामराम सरकार" आला. दुसऱ्या ओट्यावर तांबोळ्यानं विडा पुढं केला. नाथाजीनं गूळ चाखायला लावला. एका म्हातारीनं आपल्या दारातल्या गटाराचं गाऱ्हाणं घातलं, ते त्यांना थांबून ऐकावं लागलं. मोटारीत बसल्यापासून पेठेनं त्यांना रामराम घातला नव्हता. घालणार कसा? रामराम तोंडाशी येईतो मोटार निघून गेलेली असायची. लालासाहेब मिशीवर हात फिरवत, विडा चघळत चौकात पोचले, तेव्हा मोटार केव्हाचीच कचेरीपुढं येऊन उभी होती आणि राग कुठं गेला ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ते काही दिवस वेशीतच उतरून चालत येत राहिले. मग म्युनिसिपालटीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की मोटार वेशीबाहेर थांबेल, तिथं माणसांना बसायला एक पत्र्याची शेड घालावी, आणि ओट्यांना हात लावू नये. पेठ ही चालणाऱ्या माणसांची आहे. जणू ही गोष्ट त्यांना स्वप्नात सुचली होती. राहीबाईला हे कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. पण आया लालासाहेबांच्या ठरावाला भुलल्या नव्हत्या. सिकंदरनं आपली लेक स्वतःच्या हातानं रांगेत उभी केली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अंबूबाईनं दुसऱ्याच दिवशी दोन्ही पोरींच्या वेण्या घालून ठेवल्या होत्या. रांग पुन्हा लांब झाली. एक लग्न ठरून गेलेली पोर तेवढी परत आली नाही. तिच्या दारावरून जाताना राहीबाई हाक मारत नसे, पण पाऊल तिचं तिथं अडायचं.

असे दोन-तीन पावसाळे गेले. राहीबाईचे पाय सुजायला लागले, चार पावलांत दम लागायला लागला. पोरी आणायला आता तिच्यानं होईना. रांग मात्र थांबली नाही. फरीदा मोठी झाली होती, शेपूट होती ती डोकं झाली आणि सगळ्यांना हाका मारत आणू लागली. शेवटी मोठ्या बाईंनी ठरवलं की राहीबाईला सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं. तिची खोली पेठेत, चौकाच्या अलीकडं. तिथून वेशीपर्यंत चालणं तिला झेपायचं नाही, म्हणून सिकंदर लालासाहेबांना विचारून मोटार दाराशी घेऊन आला. लालासाहेबांनी आनंदानं परवानगी दिली होती.

राहीबाई खोलीत गाठोडं बांधत होती. गल्लीत मोटारीची घरघर ऐकली आणि तिच्या हातातलं गाठोडं सुटलं. ही वेळ रांगेची होती.

"पोरी!" ती ओरडली आणि भिंत धरत, धापा टाकत दारात आली.

मोटार दाराशी येऊन थांबत होती. गल्लीत एकही पोर नव्हती. मग तिनं वर पाहिलं. नाथाजीच्या ओट्यावर, तांबोळ्याच्या ओट्यावर, पुढच्या कासाराच्या ओट्यावर सगळी रांग पाठ भिंतीला लावून उभी होती. बारक्या पोरींपुढं फरीदा हात पसरून उभी होती.

"समद्या?" राहीबाईनं विचारलं.

"समद्या, मावशी," फरीदा म्हणाली. "मी मोजल्या."

राहीबाई उंबऱ्यावर बसली आणि रडली. सगळ्या पेठेदेखत रडली, तोंडावर पदरही घेतला नाही. सुखानंच रडली ती.

मग डोळे पुसून ती सिकंदरला म्हणाली, "मागं घे. येशीत लाव."

"मावशी, पाय बघा तुमचे. मालकांनी परवानगी दिलीय."

"मालकांनी दिली आसंल. मी न्हाई दिली. येशीपत्तुर मी चालत येते."

सिकंदर तिला ओळखून होता. तो वाद न घालता मोटार मागं मागं घेत वेशीकडं गेला, आणि मोटारीच्या मागच्या अंगाला एक माणूस बाजूला बघत, हात दाखवत चालत गेला. पोरी ओट्यांवरून उतरल्या. फरीदानं राहीबाईचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरीनं गाठोडं उचललं, आणि रांग शाळेकडं जायची ती वेशीकडं वळली. चौकामागं शाळेची घंटा झाली. मोठ्या बाई फाटकात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी कुणालाही बोलावलं नाही. राहीबाई दोन पावलं टाकायची आणि थांबायची. रांगही थांबायची. दम खायला ती ओट्याच्या कडेला टेकायची, की दुकानदार पाणी घेऊन पुढं यायचा. इतकी वर्षं पोरी तिच्या पायांच्या मागं धावल्या होत्या. आज त्या तिच्या पायांनी चालत होत्या. निंबळगावातलं तिचं हे शेवटचं चालणं. तिलाही ते ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण ती प्रत्येक दाराकडं नीट बघत चालली होती.

वेशीत सिकंदरनं तिला हाताला धरून पुढच्या जागेवर बसवलं. पोरी शेडखाली रांगेनं उभ्या राहिल्या. राहीबाईनं काचेतून बघितलं: बाभळ, रस्ता, लांबवर सगळं मोकळं. नाकाडाखालचं तेवढं दिसत नव्हतं, म्हणून तिनं वळून सिकंदरकडं बघितलं.

सिकंदर आपल्या जागेवर चढला नाही. तो मोटारीला वळसा घालून पुढं गेला, नाकाडासमोर वाकला, चाकांखाली पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि मग येऊन बसला.

"रोज बघतोस व्हय रं?" राहीबाईनं कसंबसं विचारलं.

"रोज," सिकंदर म्हणाला. "तवापासनं."

राहीबाईनं मान मागं टेकली.

"चल मग," ती म्हणाली.